काय पिकवावे आणि काय विकत घ्यावे?

घराला लागणारी प्रत्येक वस्तू आपल्याच शेतात पिकली पाहिजे, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची धारणा असते. या धारणेमागे अनुभव आहे. टंचाईच्या वर्षी कणगीतले धान्यच घराला तारते. परंतु तिच्या जोडीला आणखी एक समजूत आढळते, आणि ती हानिकारक आहे. ज्याची जमीन हलकी व ज्याच्या विहिरीला पाणी बेताचे, त्याच्यापाशी बाजारात नेण्याजोगे काही नसते. चांगल्या जमिनीच्या गावाशी देवघेव केल्यास तोच नागवला जातो, अशी ही समजूत होय. ती कितपत खरी आहे, हे हिशेब मांडून पाहणे अगत्याचे आहे.

दोन गावांचे उदाहरण

दोन शेजारगावे कल्पनेने घेऊ. पहिल्या गावाची जमीन भारी असून पाटाचे पाणी भरपूर आहे. तेथे रब्बी हंगामात एका एकरात १६ क्विंटल गहू किंवा ८ क्विंटल हरभरा होतो. दुसऱ्या गावाची जमीन मध्यम असून पाणी थोडे आहे. तेथे एका एकरात गहू ४ क्विंटल आणि हरभराही ४ क्विंटलच होतो. म्हणजे दोन्ही पिकांत पहिले गाव सरस आहे. मग दुसऱ्या गावाशी देवघेव करण्यात त्याला काय लाभ?

याचे उत्तर उत्पन्नाच्या आकड्यांत नसून, एक पीक घेताना दुसरे किती सोडावे लागते यात आहे. पहिल्या गावाने एक क्विंटल हरभरा पिकविला, की तितक्या जमिनीत होणारा २ क्विंटल गहू त्याला सोडावा लागतो. दुसऱ्या गावाला मात्र एका क्विंटल हरभऱ्यासाठी १ क्विंटलच गहू सोडावा लागतो. म्हणजेच हरभरा पिकविणे दुसऱ्या गावाला स्वस्त पडते, आणि गहू पिकविणे पहिल्या गावाला. यालाच अर्थशास्त्रात तुलनात्मक लाभ असे म्हणतात.

आता प्रत्येक गावाने या दोन पिकांसाठी १० एकर जमीन राखून ठेवली आहे असे समजू. दोघांनीही निम्मी निम्मी जमीन वाटली, तर पहिल्या गावात ८० क्विंटल गहू व ४० क्विंटल हरभरा होईल; दुसऱ्या गावात २० क्विंटल गहू व २० क्विंटल हरभरा होईल. दोन्ही गावांची बेरीज १०० क्विंटल गहू व ६० क्विंटल हरभरा.

याऐवजी दुसऱ्या गावाने दहाही एकरांत हरभरा पेरला, तर ४० क्विंटल हरभरा होईल. पहिल्या गावाने अडीच एकरांत हरभरा व साडेसात एकरांत गहू घेतला, तर २० क्विंटल हरभरा व १२० क्विंटल गहू होईल. हरभऱ्याची बेरीज पूर्वीइतकीच, ६० क्विंटल. गहू मात्र २० क्विंटलांनी वाढला. जमीन वाढली नाही, पाटाला जादा पाणी आले नाही. केवळ पिकांची वाटणी बदलली.

यानंतर दुसऱ्या गावाने २० क्विंटल हरभरा देऊन ३० क्विंटल गहू घेतला, तर त्याच्यापाशी २० क्विंटल हरभरा व ३० क्विंटल गहू राहील. पहिल्या गावापाशी ४० क्विंटल हरभरा व ९० क्विंटल गहू राहील. हरभरा दोघांचाही पूर्वीइतकाच राहिला, आणि प्रत्येकाच्या पदरात १० क्विंटल गहू अधिक पडला. दोन्ही पिकांत उणे असलेले गावही या व्यवहारात नागवले गेले नाही.

तत्त्वाचा उगम

हे तत्त्व नवे नाही. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्लंड व पोर्तुगाल यांचे उदाहरण देऊन ते मांडले. त्याने असे धरले की, ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडात १०० माणसांचे व पोर्तुगालात ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. ठरावीक मद्य तयार करण्यास इंग्लंडात १२० व पोर्तुगालात ८० माणसांचे श्रम लागतात. पोर्तुगाल दोन्ही कामांत वरचढ आहे. तरीही पोर्तुगालाने दोघांपुरते मद्य व इंग्लंडाने दोघांपुरते कापड तयार केल्यास, तेवढाच माल हाती येऊन पोर्तुगालात १० माणसांचे आणि इंग्लंडात २० माणसांचे श्रम वाचतात. जे देशांना लागू पडते, तेच गावांना आणि एका बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनाही लागू पडते.

लाभ केव्हा होतो?

देवघेवीचा दर योग्य असेल तरच हा लाभ दोघांना मिळतो. वरील उदाहरणात एका क्विंटल हरभऱ्याला १ ते २ क्विंटल गव्हाच्या दरम्यान मोल मिळाले पाहिजे. १ क्विंटलपेक्षा कमी गहू मिळू लागला, तर दुसऱ्या गावाने स्वतःच गहू पेरलेला बरा. २ क्विंटलपेक्षा अधिक द्यावा लागला, तर पहिले गाव स्वतःच हरभरा पेरील. गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत आणि साठवणीतील घट यांचा खर्च याच अंतरातून भागवावा लागतो. हा खर्च फार वाढला, तर कागदावरील नफा वाटेतच संपतो. म्हणूनच बारमाही रस्ता, चोख वजन आणि गोदाम यांवर शेतकऱ्याची पीक निवडण्याची मोकळीक अवलंबून असते.

दुसरी गोष्ट भाव टिकण्याची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडातील गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले, कापसाखालील क्षेत्र वाढले, आणि खेड्यापाड्यांत कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्जे मात्र शिल्लक राहिली. पुढे १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या अनेक कारणांत ही आटलेली पत व साचलेले कर्ज यांचाही समावेश होता. तेजीचा एखादा हंगाम म्हणजे कायमचा लाभ नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

हिशेब कसा करावा?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी शेतकऱ्यांना जमवून पुढील गोष्टी त्यांच्याकडून मांडून घ्याव्यात.

१. गेल्या तीन वर्षांतील प्रत्येक पिकाचे एकरी सरासरी उत्पन्न व खर्च लिहावा. एकाच चांगल्या वर्षाचा आकडा धरू नये.

२. आपल्यापाशी खरी टंचाई कशाची आहे ते ओळखावे. जमीन पुरेशी असून पाणी कमी असेल, तर एकराऐवजी पाण्याच्या एका पाळीमागे किती उत्पन्न येते हे पाहावे. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. हरभरा त्याहून पुष्कळ कमी पाण्यावर येतो. मजुरांची टंचाई असेल, तर हाच हिशेब मजुरीच्या दिवसांवर करावा.

३. एका पिकासाठी दुसरे किती सोडावे लागते, हे काढून बाजारातील दराशी ताडून पाहावे. वाहतूक व अडत वजा केल्यानंतरचा दरच खरा मानावा.

४. घरखर्चाचे धान्य व जनावरांची वैरण यांची तरतूद आधी करावी. कडबा विकत घ्यावा लागला, तर ज्वारी सोडून मिळविलेला नफा त्यातच जाण्याचा संभव असतो.

५. पिकांची फेरपालट मोडू नये. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्राचा लाभ होतो. उलट एकच पीक वर्षानुवर्षे घेतल्यास रोग व किडी बळावतात. यासाठी उदाहरणातल्याप्रमाणे सर्व जमीन एकाच पिकाला देण्याऐवजी, लाभाच्या पिकाकडे पायरीपायरीने वळणे हिताचे असते.

शेजाऱ्याचे शेत अधिक पिकते म्हणून त्याचेच पीक आपल्या शेतात घेणे, हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. कोणते पीक घेतल्याने आपले कमीत कमी सुटते, हे ज्याने ओळखले, त्याची जमीन हलकी असली तरी त्याच्या मालाला बाजारात स्थान आहे. मात्र हा हिशेब पेरणीपूर्वी झाला पाहिजे. बी मातीत पडल्यावर तो करून उपयोग नाही.