घर सोडताना: सफाई कुणाची, रंग कुणाचा?

भाड्याचे घर सोडताना मालक आणि भाडेकरू यांच्यात सर्वांत जास्त वाजते ते सफाई आणि रंग या दोन गोष्टींवरून. दोन्हींचा खर्च शेवटी डिपॉझिटमधून वळता केला जातो, आणि डिपॉझिट मालकाच्या हाती असल्यामुळे कापाकापीही त्याच्याच मर्जीने होते. महाराष्ट्रातील शहरांत बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात, बहुधा अकरा महिन्यांसाठी. कराराचा मसुदा एजंटकडे तयारच असतो. त्यात ‘घर घेतले तशा स्थितीत परत करावे’ असे एक वाक्य हमखास सापडते. घर घेतले तेव्हा ते कोणत्या स्थितीत होते, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पुढचे बरेचसे तंटे इथूनच सुरू होतात.

कायद्यात या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर भाडेकरूने जागा मिळाली तेव्हा होती तितक्याच चांगल्या स्थितीत परत द्यायची असते. त्यातून दोन गोष्टी वगळल्या आहेत: रास्त वापराने होणारी झीज आणि ज्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशी आपत्ती. जागेला जोडून बसवलेल्या आपल्या वस्तू भाडेकरूला काढून नेता येतात, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच, आणि जागा होती तशी करून देण्याच्या अटीवर. लिव्ह अँड लायसन्स हा मात्र काटेकोर अर्थाने भाडेपट्टा नाही. तो सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधला परवाना आहे. त्यामुळे कलम १०८ त्याला थेट लागू होत नाही आणि करारात काय लिहिले आहे, याला फार महत्त्व येते. तरीही झीज आणि नुकसान यांतला जो फरक कलम १०८ ने केला आहे, त्याहून बरी फूटपट्टी दुसरी नाही. करारातही तोच शब्दशः लिहून घ्यावा.

या फूटपट्टीने पाहिले तर घरात मागे राहणाऱ्या खुणा तीन प्रकारच्या असतात. मळ हा पुसून, घासून, धुऊन निघतो; तो काढणे भाडेकरूचे काम. झीज ही नीट राहूनही होतेच. तिचा खर्च मालकाचा, कारण भाडे तो त्याच वापराचे घेत असतो. नुकसान निष्काळजीपणाने होते आणि ते भरून देणे भाडेकरूला चुकत नाही. पडदे काढल्यावर दिसणारा भिंतीचा वेगळा रंग, सोफ्यामागे पडलेली फिकट रेघ, सैल झालेली कडी, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक ही झीज. टीव्हीचा स्टँड ओरबाडून काढताना निघालेले पुट्टीचे ढपले, तडकलेले बेसिन, इस्त्रीने जळलेला सनमायका हे नुकसान.

मळाचे मुख्य ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. फोडणीचा धूर वर जातो आणि त्यातले तेल गॅसच्या मागच्या टाइल्सवर, ट्रॉलीच्या वरच्या कडेवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर बसते. त्यावर धूळ चिकटते आणि वर्षभरात बोटाने खरवडावा लागेल असा तपकिरी थर तयार होतो. चिमणीच्या जाळीत तर तेल अक्षरशः ओघळलेले असते. गरम पाणी, सोडा आणि भांड्यांचे लिक्विड यांनी हे सारे निघते, म्हणून ते मळातच जमा होते. ‘आम्ही आलो तेव्हाही असेच होते’ हे उत्तर बहुतेक भाडेकरू देतात. कित्येकदा ते खरेही असते, पण जुना फोटो नसेल तर त्याला किंमत नाही.

न्हाणीघरात प्रश्न वेगळा असतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार नळांवर, शॉवरच्या जाळीवर आणि टाइल्सवर पांढरे पुट धरतात. घर सोडायच्या आदल्या दिवशी घाईघाईने ॲसिडची बाटली आणली जाते. क्षार ॲसिडने विरघळतात, हे खरे; पण कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हेही चुन्याच्याच कुळातले दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड पडले की दगडच खाल्ला जातो, चकाकी जाते आणि तिथे कायमचा खडबडीत डाग राहतो. नळाच्या क्रोमियमच्या मुलाम्यालाही ॲसिड मानवत नाही. मळ काढायला जाऊन नुकसान करून ठेवण्याचा हा हमखास मार्ग! नळावरच्या क्षारांना पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले तरी पुरते. कडप्प्याच्या ओट्यावर मात्र व्हिनेगरही वापरू नये.

बाकीची कामे किरकोळ असली तरी ती राहून जातात: पंख्याची पाती, माळ्यावरचा पसारा, गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या, फ्रीजमागची भिंत, गाळणीत अडकलेले केस. जुनी गादी आणि मोडके कपाट ‘असू द्या, पुढच्याला उपयोगी पडेल’ म्हणून ठेवून जाण्याची पद्धत आहे. पुढच्याला ते नको असते आणि हलवण्याची मजुरी मालकाच्या माथी बसते. आपले सामान, मोडके धरून, बाहेर नेणे हे घर रिकामे करण्यातच येते.

रंगाच्या बाबतीत मालकांची बाजू लंगडी आहे. साध्या डिस्टेंपरची रया तीन-चार वर्षांत जातेच, घरात कुणी राहो वा न राहो. तरी भाडेकरू बदलला की रंगाचे दोन हात मारायचे आणि त्याचे बिल जाणाऱ्याच्या डिपॉझिटमधून कापायचे, असे सर्रास चालते. बंगळुरात एक महिन्याचे भाडे रंगासाठी कापून घेण्याचा इतका रिवाज आहे की नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मुले ते पैसे आधीच गेले असे धरून चालतात. करारात तसे कलम असेल आणि त्यावर सही झालेली असेल, तर पुढे तक्रारीला फारशी जागा उरत नाही. कलम नसेल, तर नुसत्या वापराने मळकटलेल्या भिंतींसाठी पैसे कापणे रास्त नाही. भिंतींवर मुलांनी स्केचपेनने चितारून ठेवले असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही हिशेब वयाचा करावा. समजा, घराच्या रंगाला २४,००० रुपये लागतात आणि तो चार वर्षे टिकतो. दोन वर्षांपूर्वीचा रंग खराब झाला असेल, तर नुकसान १२,००० रुपयांचे. पूर्ण २४,००० मागणे म्हणजे जुन्या रंगाच्या जागी नवा रंग दुसऱ्याच्या खर्चाने घेणे. करारात दंडाची ठरावीक रक्कम लिहिलेली असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार ती भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात रास्त तेवढीच भरपाई मागता येते.

पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, सुटणारे पोपडे आणि काळी बुरशी यांचा दोषही पुष्कळदा भाडेकरूच्या माथी मारला जातो. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती संस्थेने करायची असते. भाडेकरूने एवढेच पाहावे, की ओल दिसताच मालकाला लेखी कळवलेले असावे. व्हॉट्सॲपचा निरोपही चालेल. गप्प राहून भिंत सडू दिली, तर काही वाटा त्याच्याकडे येऊ शकतो.

या सगळ्याची वाटणी केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात बरीच स्पष्ट केली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो जून २०२१ मध्ये मंजूर केला. भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, नळाच्या पाइपांची बदली, विजेचे वायरिंग ही कामे त्याच्या अनुसूचीत मालकाकडे दिली आहेत. सांडपाण्याचे नळ साफ करणे, नळाचे वॉशर, स्विच, गीझर, बेसिन, खिडकीची काच, कुलपे आणि मूठ ही भाडेकरूकडे. राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावे आणि घराचा ताबा घेतानाच, देणे असेल तेवढे वजा करून, ते परत करावे, असेही त्यात आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. तरी करार लिहिताना ही अनुसूची समोर ठेवायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

१९९९ च्या या अधिनियमाचे कलम २४ घर सोडणाऱ्याने लक्षात ठेवावे. परवान्याची मुदत संपल्यावर ताबा न सोडणाऱ्याकडून मालक ठरलेल्या भाड्याच्या दुपटीने भरपाई मागू शकतो. म्हणून ‘सफाई राहिली आहे, चार दिवसांनी चावी देतो’ हे तोंडी ठरवून चालत नाही. सफाई मुदतीच्या आत उरकावी, सामान निघाल्यावर रिकाम्या खोल्यांचे फोटो काढावेत, विजेच्या मीटरचे आकडे टिपावेत आणि मालकासोबत घर फिरून पाहावे. कापायची रक्कम असेल तर ती कशापोटी आणि किती, हे तिथेच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. डिपॉझिट परत मिळवण्यासाठी वकिलाची नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा हे मार्ग आहेतच, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदतही आहे. पण आठ-दहा हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणे दोघांनाही परवडत नाही, म्हणून चावी हातातून सुटण्याआधीच हा कागद करून घ्यावा.