कोड नंबर घातला का?

सकाळी साडेआठ. तास सुरू होण्याआधी पबमेडवर नवे पेपर चाळते. औषधशास्त्र शिकवायचं तर याला सुट्टी नाही.

साडेदहा. एम. फार्म.ची विद्यार्थिनी नॅफिथ्रोमायसिनवर सेमिनार करते आहे. हे आपल्या गावचं औषध. वोक्हार्टचं संशोधन केंद्र इथेच, चिकलठाणा एमआयडीसीत. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचं. केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचं अनावरण झालं.

"मॅडम, पेपर फारसे सापडत नाहीत."

"कोड नंबर घातला का? डब्ल्यूसीके ४८७३."

घातला, आणि सुरुवातीच्या चाचण्यांचे पेपर वर आले. बारशाआधी औषध कोडनंच वावरतं, त्यामुळे दोन्ही नावं टाकल्याशिवाय शोध पुरा होत नाही.

बारा. प्रोटीन डेटा बँक. १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झालेला हा साठा आज जगभर फुकट खुला आहे. पडद्यावर जिवाणूचा रायबोसोम फिरवून तिला दाखवते: अझिथ्रोमायसिन इथे बसतं, आणि हट्टी जिवाणू नेमक्या याच जागी, २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनीनवर, मिथाइल गट चिकटवून औषधाला हुसकावतो. पाठ्यपुस्तकातल्या सपाट चित्रात हे कधीच दिसलं नसतं.

दोन. नॅफिथ्रोमायसिनच्याच कुळातलं टेलिथ्रोमायसिन. अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, मग यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि २००७ मध्ये तीनपैकी दोन आजारांसाठीची परवानगी गेली. चाचण्यांत काही हजार माणसं असतात. दुर्मीळ इजा लाखो लोकांनी गोळी घेतल्यावरच दिसते, तीही कुणी कळवली तर. म्हणून मला स्वीडनमधल्या उप्साला इथली व्हिजिबेस, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या जगभरातल्या नोंदींचा साठा, फार मोलाची वाटते. भारतातल्या नोंदी गाझियाबादच्या औषधसंहिता आयोगामार्फत तिथे पोचतात.

पावणेपाच. ओळखीच्या मेडिकलवाल्याचा फोन: अँटिबायोटिकनंतर एका बाईंच्या अंगावर पुरळ उठलं आहे. डॉक्टरांनी गोळी बंद केली आहे. दुष्परिणाम कळवायचा फॉर्म भरायला घेतला. रुग्णाची आद्याक्षरं, वय, औषध, मात्रा, पुरळ कधी उठलं, सोबत दुसरं काही घेत होत्या का, एवढं मिळालं. बॅच नंबर मात्र नाही. गोळ्या कापून दिलेल्या, नंबर स्ट्रिपच्या दुसऱ्या तुकड्यावर.

"दादा, उरलेली स्ट्रिप दुकानात असेल ना? बघता का जरा?"