मोजक्या जणींसाठी बोलताना

‘ताई, पॉडकास्ट म्हणजे नक्की काय हो? आणि आपल्यासारख्यांना जमेल का ते?’ हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर येतो. विचारणारी कधी बचत गटाची सचिव असते, कधी अंगणवाडी सेविका, तर कधी घरी बसून ब्लाऊज शिवणारी एखादी मैत्रीण.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रेडिओवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. तेव्हा तुम्ही दळण आणायला गेला असाल तर तो गेलाच. पॉडकास्ट हाही तसाच बोलका कार्यक्रम, पण इंटरनेटवर ठेवलेला. सवड मिळेल तेव्हा मोबाइलवर ऐकायचा. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ हे दोन शब्द जोडून बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने २००४ मध्ये हा शब्द छापला. आयपॉड बनायचा २०२२ मध्ये बंद झाला, शब्द मात्र राहिला.

दुसऱ्या प्रश्नावर मी उलटा प्रश्न विचारते, ‘बोलणार कशावर?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आरोग्य, पाककृती, मुलांचा अभ्यास, थोडं अध्यात्म, सगळंच!’ आता बोला! या सगळ्या विषयांवर बोलणारी मोठी मोठी मंडळी पुण्या-मुंबईत बसली आहेत. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, पाहुणे म्हणून नटनट्या आहेत. तुमचं का ऐकावं कुणी? पण तुमच्या तालुक्यात पावसाळ्यात उगवणाऱ्या रानभाज्या कशा ओळखायच्या, कशा निवडायच्या, कोणती आधी उकडून पाणी टाकून द्यावं लागतं, हे तुमच्या गावची जाणती बाईच सांगू शकते. विषय जितका अरुंद, तितकी तुमची जागा पक्की. ऐकणाऱ्या थोड्या असतील, पण त्यांना दुसरं कुठे जायला नसेल.

आमच्या गटाने निवडलेला विषय असाच आहे. नवरा गेल्यावर बाईला जे कागद करावे लागतात, फक्त तेच. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँकेतलं खातं, रेशन कार्डावरचं नाव, निराधार योजनेचा अर्ज. बास. गेली कित्येक वर्षं या कामासाठी मी बायकांबरोबर तहसील कचेरीच्या पायऱ्या चढते आहे आणि प्रत्येकीला तेच तेच सांगते आहे. दिवसकार्य होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. नंतर एक दिवस दीर म्हणतो, ‘वहिनी, इथं सही करा.’ त्या सहीने काय होणार आहे हे तिला कुणी सांगत नाही. शेतजमिनीच्या मालकाच्या मृत्यूनंतर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवायचं असतं, हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई असे सगळेच पहिल्या वर्गाचे वारस असतात, आणि गाव नमुना ६ क मध्ये कुणाकुणाची नावं लागली हे आपण स्वतः बघायला हवं, एवढं जरी तिला आधी कळलं तरी ती सही करण्यापूर्वी थांबते. हे ऐकायला ती सभेला येऊ शकत नाही. तेव्हा तिचं घराबाहेर पडणंच बंद असतं. पण कानाला मोबाइल लावून, पदराआड, ती ऐकू शकते. म्हणून पॉडकास्ट.

हौस म्हणून सुरू केलेलं काम तिसऱ्या-चौथ्या भागाला दमतं, असं मी बरेचदा पाहिलंय. पहिला भाग उत्साहात, दुसरा दिवाळीनंतर, तिसरा मुलांच्या परीक्षेनंतर आणि चौथा कधीच नाही. म्हणून पहिला भाग लोकांपुढे ठेवण्याआधी चार-पाच भाग तयार करून ठेवा. पंधरा दिवसांतून एक इतकंच कबूल करा, पण तो वार चुकवू नका. आकाशवाणीवरचे ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घरोघर आपल्याच वाटत, कारण ते ठरलेल्या वेळी न चुकता यायचे. आईच्या तोंडून मी त्यांचं इतकं ऐकलंय की ते आमच्या नात्यातलेच असावेत असं मला लहानपणी वाटे.

आता यंत्रसामग्री. इथे मैत्रिणी उगाच घाबरतात. हातातला स्मार्टफोन पुरतो. त्यात आवाज टिपण्याचं अ‍ॅप असतंच. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच नणंदेचा फोन यायचा. तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही. पंखा बंद. फ्रिजची घरघर आपल्या कानाला सवयीची झालेली असते, फोनला नसते, म्हणून त्या खोलीत बसूच नका. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-गोधड्यांची अडगळीची खोली असेल तर ती सोन्याहून चांगली. आम्ही आमचे सगळे भाग एका मैत्रिणीच्या घरी, रजयांच्या ढिगाशेजारी बसून करतो. उन्हाळ्यात घाम निथळतो, पण आवाज मात्र स्वच्छ. पुढे वाटलंच तर कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या, काही शेकड्यांत मिळतो. फक्त आपल्या फोनला बसतो का ते दुकानातच बघून घ्या. काटछाट करायला ‘ऑडॅसिटी’ हा संगणकावरचा प्रोग्राम फुकट मिळतो. कॉलेजात जाणारी भाची एका दुपारी शिकवेल.

फाइल तयार करताना एमपीथ्री, मोनो आणि ६४ केबीपीएस निवडा. नुसत्या बोलण्याला तेवढं भरपूर होतं. वीस मिनिटांचा भाग मग साधारण दहा एमबीत बसतो. १२८ ठेवलंत तर दुप्पट. जिचा रोजचा नेट पॅक मुलगाच संपवतो, तिच्यासाठी हा फरक मोठा आहे. तशी आमची लांबी बारा-पंधरा मिनिटंच असते, दहा-बारा भाकऱ्या होतात तेवढी.

मग ती फाइल ठेवायची कुठे? पॉडकास्ट साठवून देणाऱ्या सेवा असतात, स्पॉटिफायची फुकट आहे. तिथे फाइल टाकली की एक यादी तयार होते, तिला आरएसएस फीड म्हणतात. ती यादी वाचून वेगवेगळी अ‍ॅप्स तुमचा नवा भाग आपापल्या दुकानात मांडतात. म्हणजे माल एकाच ठिकाणी, विक्री दहा ठिकाणी. पण मूळ फाइल आपल्याजवळ पेन ड्राइव्हवर ठेवाच. गुगलचं पॉडकास्टचं अ‍ॅप चांगलं चाललेलं असताना २०२४ मध्ये बंद झालं, हे विसरू नका.

नाव ठेवताना फार काव्य नको. ‘स्पंदन’, ‘झुळूक’ ही नावं गोड आहेत, पण त्यावरून आत काय आहे ते कळतं का? आमच्या नावात ‘कागद’ हा शब्द आहे, त्यामुळे शोधणारीला सापडतो. वर्णनात तेच नाव इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण निम्म्या जणी मराठी शब्द तसाच टाइप करून शोधतात.

सिनेमातलं गाणं सुरुवातीला लावायचा मोह होतो. नको. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि भाग काढून टाकला जाऊ शकतो. गल्लीतल्या एखाद्या आजीकडून दोन ओळी गुणगुणून घ्या, तिला विचारून. जुन्या बायकांच्या आवाजाचं मोल काय असतं ते पाहायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या ऐका. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या, आणि ‘पारी’ने त्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

विचारून, हा शब्द मी मुद्दाम वापरला. अरुंद विषयाचा एक धोका असतो. तालुका लहान, माणसं ओळखीची. नाव बदललं तरी ‘दोन मुली, नवरा ट्रॅक्टरखाली गेला’ एवढ्यावरून बाई कोण ते ओळखता येतं. एका ताईने आमच्यापुढे सासरच्यांबद्दल मोकळेपणाने सगळं सांगितलं. बोलताना ती रडली, आम्हीही रडलो. भाग फारच प्रभावी झाला असता. आमचा नियम असा की, तयार भाग आधी जिचा तिला ऐकवायचा. तिने तो ऐकला आणि म्हणाली, ‘ताई, हे बाहेर गेलं तर माझी पोरगी त्या घरात कशी राहील?’ आम्ही तो भाग ठेवला नाही. तिची अडचण तेवढी घेतली, गाव, घर, मुली सगळं वगळून माझ्या आवाजात सांगितली. ऐकणाऱ्यांना हवी होती ती माहिती मिळालीच. संमती तोंडी नको, दोन ओळींची लेखी घ्या, आणि ‘नंतर नको वाटलं तर काढून टाकू’ हेही त्यातच लिहा.

दुसरी काळजी तारखेची. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला महिना आणि वर्ष बोला. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये महिना हजाराचं दीड हजार झालं. त्याआधीचा भाग आज कुणी ऐकला तर ती जुनी रक्कम धरून बसेल. नियम बदलला की जुना भाग काढा किंवा नवा करून त्याच्या जागी ठेवा. आणि कायद्याचं बोलताना वकिलांना किंवा कचेरीतल्या जाणत्या माणसाला आधी ऐकवा. मी बी.ए. आहे, वकील नाही, हे मी दर भागात सांगते.

श्रोते वाढवायचे कसे, हा सर्वांचा आवडता प्रश्न. खरं सांगू? आमच्याकडे अ‍ॅप उघडून ऐकणाऱ्या थोड्याच. बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल जाते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण जिने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय तिलाच निरोप पोचतो, म्हणून आधी नंबर साठवून घ्यायला सांगा. आशाताईंना प्रत्येक घर माहीत असतं; त्यांच्यामार्फत जितक्या जणी आल्या तितक्या कुठल्याच जाहिरातीने आल्या नसत्या. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत एक भाग मोठ्याने लावा. जवळपास सामुदायिक रेडिओ असेल तर त्यांना भेटा. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून आहे. त्यांना परवाना लागतो, मनोरा लागतो. आपल्याला नाही, पण आवाजाचा अनुभव त्यांचा मोठा.

आणि विषयाशी जोडलेली बातमी आली की लगेच बोला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. आम्ही तो ठराव कसा मांडायचा यावर एक भाग केला. सर्वांत जास्त तोच पुढे पाठवला गेला, आणि पाठवणाऱ्यांत पुरुषही होते.

पैशांचं विचाराल तर, इतक्या थोड्या श्रोत्यांवर जाहिराती मिळत नाहीत. मिळतील असं सांगून कोर्स विकणाऱ्यांपासून जपा. आमचा खर्च म्हणजे एक माइक आणि चहा. तो गटाच्या वर्गणीतून निघतो. रानभाज्यांवर किंवा शिवणकामावर बोलणारीला तिच्या मालासाठी गिऱ्हाईक मिळू शकतं, ते वेगळं.

पुढचा भाग नवऱ्याच्या नावावरच्या पीककर्जाचा आहे. त्यासाठी बँकेत जाऊन कागदांची यादी आणायची आहे, आणि साहेब माइकपुढे बोलायला अजून तयार नाहीत. मंगळवारी पुन्हा जाणार आहोत.