भिंतीवरचें चित्र आणि उतरण्याची जागा

परगांवीं मंगलकार्य निघालें म्हणजे उतरावें कोठें, हा प्रश्न आमच्या लहानपणीं पडत नसे. ज्यांच्या घरीं कार्य त्यांच्याच ओटीवर, माडीवर आणि शेजाऱ्यांच्या पडवींत सारे पाहुणे सामावून जात. आतां यजमानच तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहतात. त्यामुळें पाहुण्यांची सोय पैसे मोजून करावी लागते, आणि जागेची निवड हें घरांतील कर्त्या मंडळींचें एक नवें काम होऊन बसलें आहे. गेल्या माघांत पालघरच्या आप्तांकडील मुंजीच्या निमित्तानें हें काम आमच्या वांट्यास आलें. त्याची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

पालघर आणि बोईसर या बाजूस जागांची वाण नाहीं. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, पुढें बोईसरजवळ कारखान्यांची वसाहत वाढली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. कामानिमित्त येणाऱ्यांची वर्दळ वाढली, तशीं अर्थात् हॉटेलेंहि वाढलीं. त्यांपैकीं दोन जागा आम्हांला पसंत करण्याजोग्या वाटल्या. दोन्हींच्या जाहिरातींत एकच गोष्ट ठळकपणें सांगितली होती, ती म्हणजे भिंतींवरील वारली चित्रकला. मुलींचा व सुनांचा कौल त्यावरूनच पडला. वडील मंडळींनीं मात्र पाण्याची आणि जिन्याची चौकशी केली. शेवटीं आम्ही उभयतां आणि आमच्या आत्याबाई अशीं तिघें प्रत्यक्ष पाहण्यास निघालों. विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल गाड्या जातात, तेव्हां सकाळीं जाऊन सायंकाळीं परतणें अवघड नव्हतें.

पहिली जागा चकचकीत होती. प्रत्येक खोलींत गेरूच्या रंगाच्या कागदावर छापलेलीं पांढरीं चित्रें चिकटविलेलीं होतीं; तारपा वाजविणारा तोच मनुष्य दर दोन हातांवर पुन्हा उभा होता. न्हाणीघराच्या भिंतीवरहि तोच कागद, आणि त्यांत मध्यभागीं एक चौक. आत्याबाई दारांतच थबकल्या. त्यांनीं कांहीं वर्षें डहाणू तालुक्यांत शिक्षिकेचें काम केलें असल्यामुळें तो चौक त्यांच्या ओळखीचा होता. "अरे, हा तर लग्नचौक! यांत पालघट देवी बसते. आपलें देवक कोणीं न्हाणींत टांगलें तर चालेल का आपल्याला?" एवढेंच त्या म्हणाल्या. चित्र कोणाचें, कोणत्या गांवचें, हें तेथील व्यवस्थापकास सांगतां आलें नाहीं.

वारल्यांच्या घरीं लग्न असलें म्हणजे आंतली भिंत शेणानें व गेरूनें सारवितात, आणि टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी तांदळाच्या पिठाच्या पाण्यांत बुडवून सुवासिनी तिच्यावर चौक लिहितात. मध्यें पालघट देवी, शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणीं म्हणून देवांना बोलावते. म्हणजे आपण ज्यास शोभेची नक्षी समजतों, तें मुळांत पूजेचें अंग आहे.

हीच कला १९७० नंतरच्या वर्षांत भिंतीवरून कागदावर आली. भास्कर कुलकर्णी यांनीं पूर्वीं मिथिलेंतील स्त्रियांच्या हातीं कागद दिला होता. तसाच तो त्यांनीं वारली पाड्यांवरहि आणला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं बायकांची मानलेली ही कला हातीं घेतली, आणि लग्नकार्याची वाट न पाहतां ते रोज चित्र काढूं लागले. त्यांचीं चित्रें १९८९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत लागलीं. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते वारले. आज कितीएक वारली चित्रकार कागदावर व कापडावर चौक काढून विकतात आणि त्यावर त्यांचा संसार चालतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. तो निर्णय त्यांचा आहे. मात्र त्यांस न विचारतां, न मोबदला देतां, कारखान्यानें देवीस न्हाणीच्या कागदावर छापावें, ही गोष्ट निराळी.

हॉटेलांत चित्रें लावण्याची चाल नवी नव्हे. मुंबईचें ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें. त्याच्या संग्रहांत हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांचीं चित्रें आहेत. तेथें चित्रकाराचें नांव पहिल्यानें सांगतात. वारली चित्रापुढें मात्र नांव विचारण्याचें कोणास सुचत नाहीं; जणूं तें आपोआप उगवलेलें असतें! २०१४ सालीं 'वारली चित्रकला' या नांवास भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली खरी, परंतु समोरच्या भिंतीवर काय आहे हें पाहुण्यानेंच विचारावें लागतें.

दुसरी जागा बोईसरच्या वाटेवर होती. खोल्या साध्या, भिंती पांढऱ्या. केवळ पडवीची एक भिंत हातानें रंगविलेली. भातलावणी, ताडावर चढणारा माणूस, जाळें, मासे, आणि कोपऱ्यांत चक्क आगगाडी! दोन माणसें एकसारखीं नव्हतीं. खालीं चित्रकाराचें नांव, पाड्याचें नांव आणि वर्ष होतें. मालक म्हणाले, "आम्ही चौक काढा म्हटलें होतें. ते म्हणाले, तो लग्नाच्या घरीं. इथें शेतीचें काढतों."

तेव्हां जागा निवडतांना आमच्या वाचकांनीं इतकें पाहावें : चित्र हातचें कीं छापील, काढणाऱ्याचें नांव सांगतां येतें कीं नाहीं, त्याचें चित्र कोणी विकत मागितल्यास मालक त्याचा पत्ता देतात कीं नाहीं, आणि देवाचें चित्र कोठें लावलें आहे. पाणी, स्वच्छता आणि जिना यांची चौकशी याच्याहि आधीं करावी, हें सांगणें नकोच.

या शेवटच्या कारणानेंच आमचा निर्णय थोडा वांकडा झाला. दुसऱ्या जागेंत खोल्या आठच, त्याहि माडीवर. गुडघे दुखणाऱ्या चौघां वडीलधाऱ्यांची सोय आम्हीं स्टेशनाजवळ तळमजल्यावर केली. तेथें भिंतीवर एकहि चित्र नव्हतें, आणि त्यावांचून कोणाचें अडलें नाहीं. चित्र नसणें हा जागेचा दोष नव्हे.

मुंजीच्या आदल्या सायंकाळीं मुलें पडवींतल्या भिंतीपुढें बसून माणसें मोजीत होतीं. बटूनें कोपऱ्यांतलें नांव मोठ्यानें वाचलें. आत्याबाईंनीं मालकांकडून चित्रकाराचा पत्ता घेतला, आणि भिक्षावळींत घालावयाच्या पैशांइतकेच आणखी पैसे बाजूस काढून त्यांच्याकडून कापडावरचें एक चित्र करवून घेतलें. तें आतां बटूच्या घरीं बैठकींत आहे. खालचें नांव चौकटीखालीं झांकूं नये, अशी सूचना आत्याबाईंनीं चौकट करणाऱ्यास दोनदां बजावून दिली होती.