दारू सुटली, पुढे काय?

दारू सोडणे फारसे कठीण नाही, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. पण दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक मद्यपींनी ती आधी पाच-दहा वेळा सोडलेली असते. कोणी श्रावणापुरती, कोणी मुलीच्या लग्नापुरती, कोणी कावीळ झाली म्हणून. खरी परीक्षा त्यानंतरच्या संध्याकाळी होते. काम आटोपले, हातात चार पैसे आले, ओळखीची मंडळी ओळखीच्या कोपऱ्यावर उभी आहेत. त्या वेळी डॉक्टरची गोळी खिशातच राहते.

व्यसन हा आजार आहे आणि सुरुवातीला त्याला वैद्यकीय उपचारच लागतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे, अंगावर चढणारे किडे दिसतात. आपल्याकडे ‘बाहेरची बाधा’ समजून अशा माणसाला देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. याने जीव जाऊ शकतो. तेव्हा दारू बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडल्यास रुग्णालयात दाखल होऊन.

एक इशारा माता-भगिनींसाठी. चहातून किंवा भाजीतून गुपचूप द्यायची पावडर आणू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर नवरा दारू प्याला, तर उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

औषधाने शरीर आठ-दहा दिवसांत सावरते. मनाला मात्र सोबत लागते आणि ती सोबत त्याच वाटेने गेलेल्या माणसाची हवी. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस धंद्यात अपयश येऊन हॉटेलात बसला होता. दारू सोडून पाच महिने झाले होते आणि समोर बार दिसत होता. त्याने फोन फिरवून दुसरा मद्यपी शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन. डॉक्टर पंधरा मिनिटेच देणार होते. बोलणे रात्री अकरापर्यंत चालले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ उभी राहिली. सर्जनलाही स्वतःची दारू स्वतःला सोडवता आली नव्हती, हे आम्हा डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे!

‘एए’ची सभा अगदी साधी असते. दहा-बारा माणसे गोल बसतात, एकेकजण आपली हकिगत सांगतो. उपदेश नाही, आडनाव विचारणे नाही, फी नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. जन्मभराची शपथही घ्यायची नसते, फक्त आजचा दिवस. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे पुष्कळ. माझे निरीक्षण असे की, माळेसोबत भजनी मंडळात रोजची बैठक सुरू झाली तर ती टिकते. नुसती माळ खुंटीला जाते.

गट शोधायचा कुठे? बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांकडे किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी आहे. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांकही आहे. खामगाव, मलकापूरच्या माणसाला रेल्वेने अकोला-भुसावळ जवळ पडते. तिकडेही चौकशी करावी. जिथे औषध विकतात किंवा माणसाला कोंडून, मारून ‘सुधारतात’, तिथून सरळ परत यावे.

“गटात गेलो तर गावाला कळेल,” असे पुष्कळजण म्हणतात. बाबांनो, बसस्टँडवर पडलेले असताना गावाने पाहिलेच आहे. गटात ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा तर तिथला पहिला शिरस्ता. नवरा यायला तयार नसेल तर बायकोने त्याच्यासाठी थांबू नये. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे गट असतात, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ आहे. त्याच्या पिण्यात माझा दोष नाही, हे तिथे तिला कळते. त्याची उधारी फेडणे आणि कामावर ‘ताप आला’ म्हणून निरोप धाडणे ती बंद करते. घरात पहिला बदल पुष्कळदा इथूनच होतो.

आणि तालुक्याच्या गावी गट नसला तर? अ‍ॅक्रनला दोघेच होते. सोडलेली दोन माणसे, शाळेची एखादी खोली किंवा देवळाची ओसरी एवढे पुरे; माहितीपत्रके व मार्गदर्शन ‘एए’ची मंडळी देतात. वार ठरवताना मात्र आठवडी बाजाराचा ठरवावा. मजुरी त्याच दिवशी हातात पडते, म्हणून बैठक त्याच संध्याकाळी, दुकाने उघडी असतानाच भरवावी.