दुहेरीकरण म्हणजे मोठी मालगाडी नव्हे

गोव्याला कर्नाटकाशी जोडणाऱ्या वास्को–कुळे–कॅसलरॉक रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाचा विषय निघाला की समर्थक आणि विरोधक दोघेही एक गोष्ट धरूनच चालतात: दुसरी लाईन पडली की मालगाड्याही दुप्पट मोठ्या होणार. तसं होत नाही. दुसऱ्या लाईनमुळे क्रॉसिंगसाठी ताटकळणं संपतं, आणि दिवसाला जास्त गाड्या सुटतात. गाडीची लांबी ठरते ती स्थानकातल्या लूप लाईनवरून, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या लाईनवरून. आपल्याकडे लूप साधारण 700 मीटरची, म्हणून 58-59 बॉक्सएन वाघिणींची रेक. समर्पित मालवाहू मार्गिकेवर 1500 मीटरची गाडी धावते, कारण तिथल्या लूपच तेवढ्या लांब बांधल्यात. या मार्गावरून होणारी कोळशाची वाहतूक वाढेल ही गोवेकरांची भीती यामुळे खोटी ठरत नाही. फक्त ती वाढेल फेऱ्यांनी.

‘मग ताकदवान इंजिन लावा’ हा दुसरा हमखास सल्ला. इथे घाटाचं गणित मांडायलाच हवं. कुळे ते कॅसलरॉक चढ आहे 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. लोहखनिज मुरगाव बंदराकडे उतरत असे, तेव्हा भरलेली गाडी उताराला असायची. आयात कोळसा उलट बंदरातून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो, भरलेला आणि चढाला. 5000 टनांची रेक या चढावर उभी असेल, तर तिला मागे खेचणारा जोर सुमारे 135 टन वजनाइतका असतो. डब्ल्यूएजी-9 हे 6000 अश्वशक्तीचं इंजिन सुरुवातीला जेमतेम 50 टनांच्या आसपास ओढ देतं. म्हणजे तीन इंजिनं नुसती गाडी घसरू न देण्यातच खर्ची! ती सगळी पुढे जोडली तर पूर्ण ताण पहिल्या वाघिणीच्या कपलरवर येतो. म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. उतरताना तर अश्वशक्तीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. लांब गाडीत ब्रेकच्या हवेच्या दाबातला बदल शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायलाही वेळ लागतो.

रूळ जाड केले की काम झालं, असंही ऐकू येतं. 52 किलोऐवजी मीटरला 60 किलोचा रूळ घातला जातो हे खरं. पण एका आसावरचा भार 20.32 टनांवरून 22.9 किंवा 25 टनांवर न्यायचा, तर तो स्लीपर, खडी, भराव आणि पुलाचे गर्डर या सगळ्यांना पेलायला हवा. हा मार्ग मुळात एकोणिसाव्या शतकातला मीटरगेज, ब्रॉडगेज झाला तो 1990 च्या दशकात.

15 ऑगस्ट 2022 ला ‘सुपर वासुकी’ कोरबा–राजनांदगाव धावली: पाच रेक जोडलेली साडेतीन किलोमीटरची, सुमारे 27,000 टनांची गाडी. ‘तिथे जमतं, मग घाटात का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर वरच्या 1:37 मध्येच आहे.

शेवटचा घोळ न्यायालयाबद्दलचा. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अख्खं दुहेरीकरण रद्द केलं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात रद्द झाली ती कॅसलरॉक–कुळे टप्प्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडायची मुभा न्यायालयाने ठेवली आहे.