चेंडू खेळून पोट भरतं का?

गोसीखुर्दला आम्ही गेलो तेव्हा धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्या कोरड्या पडल्या होत्या. धानाची खुंटं अजून उभी होती. त्या खुंटांतच पोरं अनवाणी फुटबॉल खेळत होती. या टोकाला दोन विटा, त्या टोकाला दोन विटा. झाला खेळ तयार.

संध्याकाळी वाचनाचा वर्ग भरला. वर्ग सुटल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. आता ते पुनर्वसनाच्या गावात राहतात. ते म्हणाले, "गुरुजी, माया पोट्टा चौदा वर्षांचा आहे. दिवसभर बॉल लाथाडते. परवा शहरातून एक माणूस आला. म्हणते, दोन लाख द्या, पोराला परदेशातल्या संघात घालून देतो. धरणाच्या मोबदल्यातले थोडे पैसे उरले आहेत. देऊ का?"

पोराची आजी मागून बोलली, "देऊ नको रे बाबा. चेंडू खेळून कोणाचं पोट भरते?"

प्रश्न दोन होते. पैसे द्यावे की नाही, हा एक. चेंडू खेळून पोट भरतं का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. आम्ही त्या रात्री जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट. होय, फुटबॉल खेळून पोट भरतं. जगात हजारो माणसं हाच धंदा करतात. त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणतात. गडी जसा साल ठरवतो, तसा खेळाडू संघाशी करार करतो. किती वर्षं खेळायचं, महिन्याला किती पगार, दुखापत झाली तर औषधपाणी कोणी करायचं, हे सगळं कागदावर असतं. खाली सही असते.

पण परे टाकले तितके सगळे रोवणीला येत नाहीत. खेळाचंही तसंच आहे. हजार पोरं खेळतात, तेव्हा एखाद्याचा तो धंदा होतो. हे नीट कळावं म्हणून दोन पोरांची गोष्ट सांगतो. एक आपल्या महाराष्ट्राचा, एक स्पेन देशाचा. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, इसवी सन २००० चा.

आपला मुलगा कोल्हापूरचा. त्याचं नाव अनिकेत जाधव. वडील रिक्षा चालवत. कोल्हापूर हे कुस्तीचं गाव. पण तिथे फुटबॉलचंही मोठं वेड आहे. तिथल्या तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी त्यांची नावं. शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने लागले की पेठाच्या पेठा लोटतात. अशा गावात मुलाच्या पायाला चेंडू लवकर लागतो.

अनिकेत पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे सरकारची खेळाची निवासी शाळा. तिथे मुलं राहतात, शिकतात आणि खेळाचा सराव करतात. पळण्याच्या, उडी मारण्याच्या, अंगातल्या ताकदीच्या चाचण्या घेऊन मुलं निवडतात.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा विश्वचषक आपल्या देशात झाला. विश्वचषक म्हणजे साऱ्या जगाची स्पर्धा. भारताच्या संघात अनिकेत होता. तो पुढच्या फळीत खेळायचा. पुढच्या फळीचं काम गोल करण्याचं.

भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेनं आपल्याला ३-० असं हरवलं. ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून आपण २-१ असे हरलो. त्या सामन्यात आपला एक गोल झाला. तो मणिपूरच्या जिक्सन सिंगनं केला. फुटबॉलच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. १२ ऑक्टोबरला घानानं ४-० असं हरवलं. आपला संघ स्पर्धेबाहेर गेला.

हरले म्हणून पोरं घरी बसली का? नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं या कोवळ्या मुलांचा एक संघ केला. त्याचं नाव इंडियन ॲरोज. मोठ्या, मुरलेल्या खेळाडूंशी या मुलांना झुंजायला लावलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये या संघाचा पहिला सामना झाला. समोर चेन्नईचा संघ होता. पोरांनी तो ३-० असा जिंकला. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

२०१९ साली त्याला जमशेदपूरच्या व्यावसायिक संघानं घेतलं. तिथून तो हैदराबादच्या संघात गेला. २०२२ च्या मार्च महिन्यात हैदराबादचा संघ देशातली सर्वांत मोठी साखळी स्पर्धा जिंकला. त्याच महिन्यात भारताच्या मोठ्या संघातही अनिकेतची निवड झाली. पुढे त्यानं आणखी संघ बदलले. या धंद्यात संघ बदलणं ही रोजची गोष्ट आहे. करार संपला की बिऱ्हाड हलतं.

म्हणजे रिक्षावाल्याच्या मुलाचं पोट चेंडूवर भरलं. हे खरं आहे.

आता दुसरा मुलगा पाहू. त्याचं नाव फेरान टोरेस. स्पेन देशात वलेन्सिया नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या जवळच्या फोयोस नावाच्या लहान गावचा हा मुलगा. वलेन्सियाच्या मुलखात धान पिकतं. तिथल्या लोकांना भात आवडतो. म्हणजे तसं पाहिलं तर आपल्या भंडाऱ्याचीच तऱ्हा.

हाही २०१७ साली तोच विश्वचषक खेळायला आपल्या देशात आला होता. उपांत्य सामना नवी मुंबईत झाला. स्पेननं माली देशाला ३-१ असं हरवलं. त्यातला एक गोल फेराननं केला. अंतिम सामना कोलकात्याला इंग्लंडशी झाला. स्पेन आधी दोन गोलांनी पुढे होता. तरी शेवटी ५-२ असा हरला. म्हणजे आपली पोरं दिल्लीत हरली, तशी स्पेनची पोरं कोलकात्यात हरली.

पण पुढे काय झालं? त्याच वर्षाच्या अखेरीस फेरान वलेन्सियाच्या मोठ्या संघातून खेळू लागला. २०२० साली इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी या संघानं त्याला घेतलं. २०२२ च्या सुरुवातीला तो स्पेनच्या बार्सिलोना या नामांकित संघात गेला. २०२४ साली स्पेननं युरोपातल्या देशांची स्पर्धा जिंकली. त्या संघात तो होता.

एक वर्ष, एक स्पर्धा, दोन मुलं. मग एवढा फरक का पडला? काही लोक म्हणतील, गोऱ्यांचं अंगच दणकट. हे खरं नाही. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे. एकटा महाराष्ट्र त्याच्या दुपटीहून मोठा आहे. फरक शरीराचा नाही, मशागतीचा आहे.

फेरान सहा-सात वर्षांचा असताना वलेन्सिया संघाच्या खेळाच्या शाळेत गेला. तिकडे मोठ्या संघांच्या अशा शाळा असतात. सहा वर्षांच्या मुलांचा वेगळा संघ, आठ वर्षांच्या मुलांचा वेगळा संघ. दर आठवड्याला सामना. शिकवायला शिकलेला गुरू. खेळायला हिरवळ. मूल सतरा वर्षांचं होईस्तोवर त्याच्या गाठीला दहा वर्षांचे सामने असतात. आपल्या बहुतेक मुलांना वर्षातून दोन-चार सामने मिळाले तरी पुष्कळ. बी चांगलं असून काय उपयोग? वेळेवर पाणी नको का?

पण तिकडेही सगळं सोन्याचं नाही. त्या शाळांतून दरवर्षी कितीतरी मुलांना घरी पाठवतात. मोठ्या संघापर्यंत थोडेच पोचतात. आणि जो पोचला त्याचंही काळीज जळतं. बार्सिलोनात आल्यावर फेरानचा खेळ काही काळ बिघडला. लोक नावं ठेवू लागले. त्याचं मन खचलं. मग त्यानं मनाच्या डॉक्टरची मदत घेतली. आणि ही गोष्ट त्यानं स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितली. लपवली नाही. पाय मोडला तर आपण पलस्तर घालतो. मन मोडलं तरी औषध करावं, त्यात लाज कसली?

या धंद्याच्या अडचणीही सांगायला हव्यात. नाहीतर आमचं सांगणं अर्धवट राहील.

हा धंदा तरुणपणाचा आहे. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ थांबतो. शेतकरी साठाव्या वर्षीही नांगर धरतो. खेळाडूला ते जमत नाही.

गुडघ्याची शीर तुटली तर महिने महिने बसावं लागतं. कधी कधी खेळच संपतो.

आणि पगार मिळेलच असंही नाही. २०२५ साली आपल्या देशातली ती सर्वांत मोठी साखळी स्पर्धा ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. स्पर्धा चालवण्याच्या कराराचा घोळ झाला. काही संघांनी खेळाडूंचे पगार थांबवले. चांगले नावाजलेले खेळाडू घरी बसून राहिले. पाऊस लांबला की आपलं जसं होतं, तसंच त्यांचं झालं. म्हणून खेळणाऱ्या मुलानं शिक्षण सोडू नये. खेळ थांबला तर हाताशी दुसरं काही असावं.

आता त्या दोन लाखांची गोष्ट.

फिफा ही साऱ्या जगाच्या फुटबॉलची मोठी पंचायत आहे. तिचा नियम आहे, की अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला खेळासाठी परदेशच्या संघात नेता येत नाही. थोडे अपवाद आहेत. उदाहरणार्थ, आईबाप दुसऱ्याच कामासाठी त्या देशात राहायला गेले, तर गोष्ट वेगळी. पण पैसे भरून चौदा वर्षांच्या मुलाला परदेशच्या संघात घालून देतो, असं कोणी म्हणत असेल, तर तो माणूस खोटं बोलतो.

हा नियम का केला? गरीब देशांतून मुलांना असंच फूस लावून नेत. आईबाप शेत विकून पैसे देत. तिकडे मूल नापसंत झालं, की त्याला रस्त्यावर सोडून देत. ना पैसे, ना ओळख, ना परतीचं तिकीट. म्हणून हा नियम आला.

आणखी दोन नियम लक्षात ठेवा. अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार करता येत नाही. आणि खेळाडूच्या वतीनं बोलणी करणाऱ्या दलालाला फिफाचा परवाना लागतो. तुमच्या दारी कोणी आला तर आधी विचारा, "परवाना दाखवा." आता तुम्हाला वाचता येतं. कागद स्वतः वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा तर नाहीच नाही.

खेळ शिकवणाऱ्या काही शाळा फी घेतात. फी घेणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण निवड नक्की करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर समजा की काळंबेरं आहे. निवड मैदानावर होते, पिशवीत होत नाही.

मग मुलानं करावं काय? वाटा जवळच्याच आहेत.

एक वाट शाळेची. सुब्रोतो चषक म्हणून शाळांची फुटबॉल स्पर्धा आहे. ती १९६० सालापासून चालते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग देश अशी तिची चढण आहे. आपल्या शाळेचा संघ त्यात उतरतो का, हे गुरुजींना विचारा. उतरत नसेल तर का नाही, हेही विचारा.

दुसरी वाट सरकारची. भंडाऱ्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं कार्यालय आहे. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या कधी, कोणत्या वयासाठी, कागद कोणते लागतात, हे तिथे कळतं. विचारायला पैसे पडत नाहीत. खेळात नाव काढलेल्यांसाठी महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत पाच टक्के जागाही राखीव आहेत. म्हणून खेळाची प्रमाणपत्रं जमिनीच्या कागदांसारखी जपून ठेवा.

तिसरी वाट नागपूरची. तिथले प्राध्यापक विजय बारसे यांनी एकदा पावसात झोपडपट्टीतली पोरं पाहिली. ती फुटक्या बादलीला लाथा मारून खेळत होती. त्यावरून त्यांना सुचलं आणि २००१ पासून त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम उभं केलं. त्यांच्या कामावरून २०२२ साली 'झुंड' नावाचा सिनेमाही निघाला. त्या पोरांतले सगळेच काही पगारी खेळाडू झाले नाहीत. पण कितीतरी जण व्यसनापासून आणि भांडणापासून दूर राहिले. काही जण पुढे दुसऱ्या पोरांना शिकवू लागले. हेही खेळाचंच पीक आहे. मुलीही तिथे खेळतात. आपल्याही मुलींना बांधीत उतरू द्या.

एवढं ऐकून ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पैसे द्यायचे नाही. पण पोराला खेळू द्यायचं."

आजी म्हणाली, "खेळू दे बापा. पण शाळा बुडवली तर चेंडू चुलीत घालीन."

सकाळी आम्ही निघालो. बांधीत पोरं पुन्हा जमली होती. तो मुलगा आणि त्याचे दोन सोबती विळे घेऊन धानाची खुंटं छाटत होते. मैदान साफ करणं चाललं होतं. बाप धुऱ्यावर बसून पाहत होता. थोड्या वेळानं तो उठला. त्यानं मुलाच्या हातचा विळा घेतला आणि स्वतः खुंटं कापायला लागला.

त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. त्यावर भंडाऱ्याच्या कार्यालयाचं नाव त्यानं आदल्या रात्री स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.